कंपवाताच्या दवेचा खर्च कोणी केला?

मराठवाड्याचा इतिहास म्हटला की निजामी राजवट, रझाकार, मुक्तिसंग्राम आणि १७ सप्टेंबर १९४८ एवढ्याच गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. त्या महत्त्वाच्या आहेतच. परंतु नांदेड, कंधार, देगलूर, उदगीर, औसा या मुलखातील रयतेने सव्वादोनशे वर्षे हैदराबादच्या खजिन्यात जो शेतसारा भरला, त्या पैशाचे पुढे काय झाले, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. देवड्या उठल्या, महाल सजले, दागिने घडले, हे आपण ऐकत आलो आहोत. त्याच खजिन्यातून शाळा आणि दवाखानेही निघाले. आणि त्याच खजिन्यातून एकदा साऱ्या जगात गाजलेले वैद्यकीय संशोधनही झाले, हे मात्र आमच्या शाळांत कधी शिकवले गेले नाही.

हा हिशेब आम्ही एका आजाराच्या निमित्ताने मांडणार आहोत. तो आजार म्हणजे कंपवात, डॉक्टरांच्या भाषेत पार्किन्सन. त्यावरच्या नव्या उपचारांसाठी आज जगभर अब्जावधी रुपये खर्च होत आहेत. हा पैसा कोण देतो, का देतो, आणि त्या संशोधनात नांदेड-लातूरच्या माणसाचे स्थान कोणते, हे प्रश्न केवळ डॉक्टरांचे नाहीत. ते इतिहासाचेही प्रश्न आहेत.

रअशा, कंपवात, पार्किन्सन

आमच्या घरांतून या आजाराला 'रअशा' म्हणतात. अरबी-फारसीतून उर्दूत आणि उर्दूतून आमच्या दखनी बोलीत आलेला हा शब्द. शेजारच्या मराठी घरात त्यालाच 'कंपवात' म्हणतात. इब्ने सिना (९८० ते १०३७) यांनी 'अल-कानून' या आपल्या ग्रंथात रअशाचा विचार केला आहे. आयुर्वेदानेही कंपाला वाताच्या विकारांत जागा दिली आहे. म्हणजे आजार जुना, ओळख जुनी. १८१७ साली लंडनच्या हॉक्स्टन भागातील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी अवघ्या सहा माणसांच्या निरीक्षणावरून एक छोटा निबंध लिहिला आणि पुढे फ्रान्सच्या शार्को यांनी या आजाराला त्यांचे नाव दिले.

हात थरथरणे ही या आजाराची फक्त दिसणारी बाजू आहे. खरी बाजू म्हणजे माणूस मंदावत जातो. पाऊल उचलत नाही, अक्षर बारीक होत जाते, चेहऱ्यावरचे हसू-रडू आटते, आवाज खोल जातो. बोटांनी कुर्त्याचे बटण लागत नाही. वजूचे पाणी घेताना ओंजळ रिकामी होते. मेंदूच्या एका छोट्या भागातील पेशी मरत जातात आणि 'डोपामिन' नावाचे द्रव्य कमी पडते, म्हणून हे होते. पण आमच्या वस्त्यांत अजूनही "उमर झाली" एवढे म्हणून हा विषय संपवला जातो. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी बाहेरचे काही आहे म्हणतो. तपासणी होईपर्यंत चार-पाच वर्षे निघून गेलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. त्यातले नांदेडचे किती, लातूरचे किती, हे सांगणारा आकडा आमच्या हाती नाही. पुढे या मुद्द्याकडे पुन्हा यावे लागेल.

दान, वक्फ आणि इल्म

संशोधनासाठी पैसा देणे ही गोष्ट युरोपने शोधली, असा एक समज आहे. तो अर्धा खरा आहे. १२८४ साली काहिरात सुलतान कलाऊनने बांधलेल्या मन्सुरी बीमारिस्तानचा सारा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालत असे. रुग्णाला अन्न आणि औषध तर मिळेच, शिवाय तिथे वैद्यकाचे शिक्षणही चाले. फुप्फुसातून रक्त कसे फिरते हे पहिल्यांदा नीट सांगणाऱ्या इब्ने नफीस यांनी मृत्यूपूर्वी आपले घर आणि ग्रंथसंग्रह याच दवाखान्याला दिला. वक्फ म्हणजे केवळ मशीद आणि कब्रस्तान नव्हे. आजाऱ्याची सेवा आणि त्या सेवेसाठी लागणारे ज्ञान या दोन्हींसाठी मालमत्ता वाहून ठेवण्याची ती एक रीत होती.

ही रीत दख्खनेत पूर्णपणे उतरली असे म्हणता येणार नाही. पण राज्याच्या खजिन्यातून वैद्यकाला पैसा देण्याची रीत मात्र हैदराबादेत रुजली. १८४६ साली नासिरुद्दौला यांच्या काळात हैदराबाद मेडिकल स्कूल सुरू झाले. तिथले शिक्षण उर्दूतून होते आणि शिकून बाहेर पडणाऱ्यांना 'हकीम' ही पदवी मिळत असे. पश्चिमेचे वैद्यक देशी भाषेतून शिकवण्याचा हा प्रयोग त्या काळच्या हिंदुस्थानात फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

हैदराबादचे हजार पौंड

आता त्या गाजलेल्या संशोधनाकडे वळू. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला बेशुद्ध करण्यासाठी तेव्हा क्लोरोफॉर्म वापरत. काही रुग्ण टेबलावरच दगावत. ते हृदय बंद पडून दगावतात की श्वास थांबून, यावर युरोपात मोठा वाद चालू होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन आणि मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचे मत ठाम होते. क्लोरोफॉर्म हृदयाला धोका करत नाही, फक्त श्वासावर लक्ष ठेवा, असे ते सांगत. १८८८ साली त्यांच्या पुढाकाराने पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमले गेले. त्याचा निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने 'लॅन्सेट'ला एक हजार पौंड देऊ केले आणि कळवले, तुमचा माणूस पाठवा आणि स्वतः तपासून घ्या.

१८८९ साली लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर हैदराबादला आले. दुसऱ्या कमिशनने कुत्रे, माकडे आणि इतर मिळून चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. डॉ. रुस्तमजी हे हिंदी डॉक्टरही कमिशनचे सदस्य होते. याच शाळेतून शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांनी पुढे क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात आयुष्य घालवले. भूल देण्याच्या शास्त्रात काम करणाऱ्या जगातील अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

एक हजार पौंड ही तेव्हा मोठी रक्कम होती, आणि कमिशनचा बाकीचा खर्च निराळाच. हा पैसा आला कुठून? सालारजंगांनी १८६५ साली जिल्हाबंदी करून महसुलाची घडी बसवली होती. शेतसारा हाच राज्याच्या उत्पन्नाचा मुख्य आधार होता. नांदेड जिल्ह्याचा कापूस-ज्वारी पिकवणारा कुणबी आणि तेव्हा बीदर जिल्ह्यात असलेल्या उदगीर-निलंग्याचा शेतकरी या खजिन्यात भर घालत होता. त्याला लंडनचे 'लॅन्सेट' ठाऊक नव्हते, क्लोरोफॉर्मचा वासही ठाऊक नव्हता. पण त्या प्रयोगांचा खर्च करणाऱ्यांत तोही होता, हे आता तरी मान्य केले पाहिजे.

आणि या प्रयोगांचे फलित? दुसऱ्या कमिशननेही लॉरींचेच म्हणणे उचलून धरले. ते पुढे चुकीचे ठरले. १९११ साली लंडनमध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या भुलीतही क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन अचानक मृत्यू येऊ शकतो. म्हणजे पैसा होता, मेहनत होती, शेकडो प्रयोग होते, तरी उत्तर चुकले. याचे एक कारण उघड आहे. ज्या माणसाचे मत तपासायचे होते, तोच दुसऱ्या कमिशनचा अध्यक्ष होता. श्वासावर सतत लक्ष ठेवण्याची हैदराबादची शिस्त मात्र खरी होती आणि ती उपयोगी पडली. या प्रकरणातून आम्ही एक धडा घेतो. पैसा देणाऱ्याने प्रश्न विचारावा, उत्तर आधी ठरवू नये.

आणा आणि अब्ज

यानंतर आठच वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादजवळ बेगमपेठेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. या शोधासाठी त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या डासांना आपले रक्त पाजणारा रुग्ण होता हुसेन खान. त्याला दर डासामागे एक आणा मिळाला. नोबेलच्या यादीत त्याचे नाव असणार नाही, हे उघडच आहे. पण संशोधनाचा खर्च फक्त रुपयांत होत नसतो. कोणी जमीन देतो, कोणी सारा भरतो, कोणी आपले शरीर पुढे करतो. हिशेब मांडताना ही तिसरी रक्कमही लिहिली पाहिजे.

आज पार्किन्सनच्या संशोधनासाठी सर्वांत मोठी खासगी देणगी अमेरिकेतील मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनकडून येते. स्वतः हा आजार झालेल्या या अभिनेत्याने २००० साली ही संस्था काढली आणि तिने आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम संशोधनाला दिली आहे. एका रुग्णाच्या पुढाकारातून हे घडले, याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण हुसेन खानच्या आण्यापासून फॉक्सच्या अब्जापर्यंतच्या वाटेवर आपल्या देशातील दोन वनस्पती उभ्या आहेत. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही.

सर्पगंधेची वाट

पहिली वनस्पती सर्पगंधा. युनानी दवाखान्यात तिला 'असरोल' म्हणतात. दिल्लीचे हकीम अजमल खान (१८६८ ते १९२७) यांची इच्छा होती की युनानी आणि आयुर्वेदिक औषधांची आधुनिक रसायनशास्त्राने तपासणी व्हावी. त्यांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ साली गांधीजींच्या हस्ते झाले. त्यांच्या हिंदुस्तानी दवाखान्यात औषधे विकून येणारे उत्पन्न या कॉलेजसाठी लावलेले होते. औषधाच्या नफ्यातून औषधाचे संशोधन, ही कल्पना आजही नवी वाटावी अशी आहे. फ्रँकफुर्टहून शिकून आलेले सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिथे प्रयोगशाळा उभी केली आणि १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीतून एक द्रव्य वेगळे काढले. आपल्या गुरुतुल्य हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्यांनी त्याला 'अजमलीन' हे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांच्या काही विकारांत ते आजही वापरले जाते.

त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा रक्तदाबावर आणि वेडावर चालते असे लिहिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष छापले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्यातून 'रेसर्पिन' वेगळे केले. रेसर्पिन जगभर विकले गेले आणि त्यातून एक विचित्र गोष्ट दिसली. ते घेणारे काही रुग्ण मंदावत, त्यांचे हात थरथरत, जणू त्यांना कंपवात झाला आहे.

स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी इथूनच धागा पकडला. १९५७ साली त्यांनी सशांना रेसर्पिन दिले, ससे निपचित पडले. मग त्यांना 'डोपा' टोचले आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. १९६० साली व्हिएन्नाच्या एहरिंगर आणि हॉर्निकिविझ यांनी कंपवाताने मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचे सिद्ध केले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. हकीम आणि वैद्यांच्या पेटीतली मुळी अशा रीतीने कंपवाताचे कुलूप उघडायला कारण झाली.

कुंपणावरची वेल

कुलूप उघडले, आता दवा हवी होती. ती दुसऱ्या वनस्पतीत होती. खाजकुइली ही वेल किनवटच्या जंगलात आणि आमच्या बांधा-कुंपणांवर पावसाळ्यात वाढते. तिच्या शेंगांवरची लव अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो, म्हणून लहानपणी कोणाची खोडी काढायची तर हीच वेल कामी येई. तिच्या बियांना आयुर्वेदात कपिकच्छू आणि युनानीत कौंच म्हणतात. दोन्हीकडे ते ताकदीचे औषध समजले जाते.

१९३७ साली मद्रास विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी या बियांतून 'एल-डोपा' वेगळे काढले. तेच द्रव्य युरोपात १९१३ साली गुगेनहाइम यांना एका जातीच्या घेवड्याच्या शेंगांत सापडले होते. त्यांनी ते स्वतः खाऊन पाहिले आणि ओकाऱ्यांनी बेजार झाले. त्यापुढे दोन्हीकडे विषय थांबला. डोपामिनची मेंदूतील जागा तेव्हा कोणालाच माहीत नव्हती, त्यामुळे मद्रासच्या त्या शास्त्रज्ञांना दोष देता येणार नाही. मात्र वीस वर्षांनी ते ज्ञान आले, तेव्हा पुढचे काम करण्यासाठी लागणारा पैसा आणि प्रयोगशाळा आपल्याकडे नव्हत्या. त्या अमेरिकेकडे होत्या. १९६७ साली ब्रूकहेवन प्रयोगशाळेत जॉर्ज कोट्झियस यांनी थोड्या थोड्या मात्रेने डोपा वाढवत नेले आणि जागेवर खिळलेले रुग्ण चालू लागले. कोट्झियस या विषयाकडे वळले ते चिलीच्या मॅंगेनीज खाणींतील आजारी मजुरांचा अभ्यास करताना. ब्रूकहेवनचा खर्च अमेरिकेचे अणुऊर्जा आयोग करत होते. म्हणजे कंपवाताच्या सर्वांत यशस्वी औषधामागे सरकारी पैसा आणि गरीब मजुरांची शरीरे होती. 'खासगी कंपन्याच नवे औषध शोधतात' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आज लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची एकत्र गोळी भारतातच तयार होते आणि काही रुपयांत मिळते. ती आजार बरा करत नाही, पण माणसाला उभे करते. काही वर्षांनी तिचा असर कमी-जास्त होऊ लागतो, अंग आपोआप हलू लागते. नव्या उपचारांचा शोध चालला आहे तो यासाठीच. एप्रिल २०२५मध्ये 'नेचर' साप्ताहिकात दोन प्रयोग एकाच वेळी छापले गेले. एकात जपानच्या क्योटोतील ७ रुग्णांच्या आणि दुसऱ्यात अमेरिका-कॅनडातील १२ रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी बसवण्यात आल्या. पेशी जगल्या, मोठा अपाय झाला नाही. ही सुरुवात होती.

मुंबई आणि हैदराबाद

खाजकुइली मात्र विसरली गेली नव्हती. १९७८ साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या बियांचे चूर्ण कंपवाताच्या रुग्णांना देऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९५ साली 'एचपी-२००' या नावाने तयार केलेल्या चूर्णाची ६० रुग्णांवर चाचणी झाली. २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवर आणि २०१७ साली बोलिव्हियात १८ रुग्णांवर काळजीपूर्वक चाचण्या झाल्या. बियांमुळे हालचाल सुधारते, असे या सर्वांत दिसले. पण आकडे पाहा, ६०, ८, १८. एखादे औषध सर्वांसाठी मान्य व्हायला शेकडो रुग्णांवर दीर्घकाळ चाचणी लागते. ती का झाली नाही? कारण सर्वांना माहीत असलेल्या वेलीवर एका कंपनीला मक्तेदारी मिळणे अवघड. नफा नाही, म्हणून पैसा नाही, म्हणून उत्तर नाही.

याउलट उदाहरण हैदराबादचेच घ्या. निजामाच्या धर्मादाय निधीतून १९६४ साली निघालेले हाडांचे रुग्णालय पुढे निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस झाले. नांदेडचा माणूस आजही मोठ्या आजारासाठी मुंबईपेक्षा आधी हैदराबादची गाडी पकडतो, त्याला 'निम्स' चांगले ठाऊक आहे. तेथील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रूपम बोर्गोहाईन यांच्या पुढाकाराने 'सॅफिनामाइड' या नव्या औषधाची ६६९ रुग्णांवर चाचणी झाली. भारत, रुमानिया आणि इटली येथील रुग्ण त्यात होते आणि भारतीय रुग्णांचा वाटा मोठा होता. २०१४ साली निष्कर्ष छापले गेले, २०१५ साली युरोपात आणि २०१७ साली अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. ही आपल्या डॉक्टरांची आणि रुग्णांची क्षमता आहे. पण औषध इटलीच्या कंपनीचे आणि पैसाही कंपनीचा. कोणता प्रश्न विचारायचा हेही अर्थातच तिकडेच ठरले. खाजकुइलीच्या ६० आणि सॅफिनामाइडच्या ६६९ या दोन आकड्यांत संशोधनाच्या पैशाचे सगळे अर्थकारण सामावले आहे.

मोजणी कोणाची?

जे मोजले जात नाही त्यासाठी पैसा मागता येत नाही. १९८८ साली मुंबईतील पारशी वसाहतींचा एक अभ्यास छापला गेला. डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन १४,०१० पारशांची पाहणी केली होती. लाखामागे ३२८ जणांना पार्किन्सन आढळला, हे प्रमाण जगात तेव्हा फार मोठे होते. एका छोट्या समाजाने आपली माणसे मोजू दिली आणि त्यातून साऱ्या जगाला उपयोगी माहिती मिळाली.

दुसरे उदाहरण २०२३चे. तोवर पार्किन्सनच्या आनुवंशिक कारणांचा अभ्यास बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला होता. नायजेरियातील आणि आफ्रिकी वंशाच्या इतर रुग्णांचा अभ्यास करायला पैसा मिळाला, तेव्हा त्यांच्यात एक असा जनुकीय बदल सापडला जो युरोपीयांत जवळजवळ नाहीच. म्हणजे ज्यांचा अभ्यास झाला नव्हता त्यांच्या आजाराचे एक महत्त्वाचे कारण इतकी वर्षे अंधारात होते. मराठवाड्यातील माणसाच्या बाबतीत असे काही नसेलच, असे कोण सांगू शकेल?

नांदेड आणि लातूरपुढचे काम

१९४८पूर्वी आणि नंतरही बराच काळ मोठ्या उपचारासाठी आमच्या लोकांना हैदराबादच गाठावे लागे. १९५६ साली औरंगाबादेत, पुढे अंबाजोगाईत, १९८८ साली नांदेडला आणि २००२ साली लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये निघाली. नांदेडला १९९४पासून स्वतःचे विद्यापीठ आहे आणि त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. 'लातूर पॅटर्न'ने तर डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांची रांग लावली. गरीब घरातील, आमच्या समाजातील मुले-मुलीही त्या रांगेतून पुढे गेली, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण आम्ही डॉक्टर घडवले, संशोधक किती घडवले? प्रवेशपरीक्षेत बरोबर उत्तराला गुण मिळतात. ज्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणालाच माहीत नाही, तो विचारायला शिकवणारा पॅटर्न अजून निघायचा आहे.

पैसा आणि शास्त्र आमच्याकडे कधीच आले नाही, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे ८ हजार माणसे गेली. त्यानंतर जागतिक बँकेचा पैसा आला, घरे उठली आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत खोल विवर घेऊन खडकांचा अभ्यास केला. जमीन हादरली तेव्हा जग धावून आले. माणसाचा हात वर्षानुवर्षे थरथरतो तेव्हा त्याची बातमी होत नाही. म्हणून ती आपल्यालाच करावी लागेल.

काय करता येईल? पहिले काम मोजणीचे. नांदेड आणि लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी काही तालुके निवडून घरोघर पाहणी केली, तर ते काम फार खर्चाचे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद अशा कामांना अनुदान देते. १९११ साली निघालेल्या संशोधन निधीचेच हे १९४९नंतरचे रूप आहे. दुसरे काम खाजकुइलीचे. आपल्याच जंगलातल्या बियांत डोपाचे प्रमाण किती, ते ऋतूप्रमाणे बदलते का, कोणती मात्रा सुरक्षित, हे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासता येईल. इथे एक इशारा दिलाच पाहिजे. कोणीही डॉक्टरांना न विचारता या बिया खाऊ नयेत आणि चालू गोळी बंद करू नये. मात्रा चुकली तर अपाय होतो. म्हणूनच तर संशोधन हवे.

पैशाचे म्हणाल तर २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्यातील २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले आहे. आमच्या समाजापुरते बोलायचे तर राज्याच्या वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय मराठवाड्यातच आहे आणि मराठवाड्यात वक्फच्या जमिनीही कमी नाहीत. त्यांचे उत्पन्न कुठे जाते, हा वाद जुना आहे. कलाऊनच्या वक्फनाम्यात दवाखाना बसत होता, तर आमच्या मंडळाच्या कामात रुग्णाची तपासणी आणि त्यासाठीचे संशोधन का बसू नये? जकातीचे हकदार ठरलेले आहेत. त्यातून गरीब रुग्णाच्या गोळ्या निघू शकतात. संशोधनासाठी मात्र कायमस्वरूपी उत्पन्नाचा वेगळा निधी लागतो आणि वक्फची मूळ कल्पना नेमकी तीच आहे.

असा निधी उभा राहिला तर इतिहासाने शिकवलेल्या तीन गोष्टी त्याच्या नियमांत लिहून ठेवाव्यात. पैसा देणाऱ्याने निष्कर्ष ठरवू नये, हे क्लोरोफॉर्म कमिशनने शिकवले. ज्याने आपले शरीर संशोधनाला दिले, त्याला निघालेल्या औषधाचा लाभ मिळाला पाहिजे, हे हुसेन खानच्या आण्याने शिकवले. २०१९च्या भारतीय चाचणी नियमांत चाचणीनंतरही रुग्णाला औषध मिळण्याची तरतूद आहे, ती कागदावर राहू नये. आणि जे कळले ते लोकांना त्यांच्या भाषेत सांगितले पाहिजे, हे १८४६च्या त्या उर्दू मेडिकल स्कूलने शिकवले. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून हे काम करत आहे, मुंबईत २००१पासून पार्किन्सन्स सोसायटी रुग्णांसाठी काम करते. नांदेड-लातूरला अशी मंडळे निघायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

१८८९ साली आमच्या पणजोबांच्या साऱ्यातून एक प्रश्न विचारला गेला. तो त्यांना विचारून विचारला गेला नव्हता. आज सारा भरणारी रयत उरली नाही. आज आपण कर भरणारे, मत देणारे नागरिक आहोत. कोणत्या आजारावर, कोणासाठी आणि कोणत्या अटींवर पैसा खर्च व्हावा, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तो हक्क वापरला नाही, तर पुढच्या काळचा इतिहासकार आमच्या पिढीच्या नावापुढे खर्चाचा रकाना कोरा ठेवील.